जाळ्यात सापडलेला जमाव आणि कलम १९८३

अमेरिकेतील मोठ्या शहरांत निदर्शने झाली, की त्यांच्या बातम्यांचा एक ठरावीक क्रम गेल्या पन्नास वर्षांत पुन्हापुन्हा दिसून आला आहे. पहिल्या दिवशी शेकडो लोकांना अटक झाल्याचे ठळक वृत्त येते. काही महिन्यांनी त्यांच्यापैकी बहुतेकांवरचे आरोप निकालात निघाल्याची बरीच लहान बातमी आतल्या पानावर येते. आणि पाच-दहा वर्षांनी, निदर्शने कशासाठी होती हेही लोक विसरले असताना, शहराच्या प्रशासनाने त्याच माणसांना लाखो डॉलर देऊन दावा मिटवल्याचे कळते. या तिसऱ्या बातमीत बहुधा अशीही एक ओळ असते, की शहराने कोणतीही चूक कबूल केलेली नाही. चूक नसेल तर पैसे कशाचे, आणि चूक असेल तर ती करणाऱ्याच्या खिशाला चाट का लागत नाही, असा प्रश्न वाचकाला पडला तर तो स्वाभाविकच म्हणावा लागेल.

न्यूयॉर्कचे उदाहरण या कोड्याचा आकार दाखवते. २००४ च्या ऑगस्टअखेर तेथे रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले, तेव्हा सुमारे १,८०० जणांना अटक झाली आणि त्यांतील अनेकांना हडसन नदीवरच्या ‘पिअर ५७’ या धक्क्यावर, पूर्वी बस उभ्या करण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या तेलकट जमिनीच्या जागेत डांबून ठेवण्यात आले. दावे लढवले गेले, त्यांत जवळजवळ दहा वर्षे गेली आणि जानेवारी २०१४ मध्ये शहराने सुमारे १ कोटी ७९ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. एवढा पैसा कोणत्या दाराने बाहेर आला, हे समजण्यासाठी आधी त्या दाराची चौकट ज्या कायद्याने बसवली त्याच्याकडे जावे लागते.

सालासारखा दिसणारा आकडा

या दाव्यांचा पाया म्हणजे अमेरिकी संहितेच्या ४२ व्या भागातील कलम १९८३. हा आकडा सालाचा नव्हे, केवळ कलमाचा आहे. कायदा प्रत्यक्षात १८७१ चा आहे. यादवी युद्ध संपल्यावर दक्षिणेकडील राज्यांत कू क्लक्स क्लॅन या गुप्त संघटनेने नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर हल्ले सुरू केले आणि स्थानिक शेरीफ व न्यायाधीश एकतर डोळेझाक करीत राहिले किंवा हल्लेखोरांनाच सामील झाले. राज्याची यंत्रणाच दाद देत नसेल तर नागरिकाला थेट संघराज्याच्या न्यायालयात जाता यावे, यासाठी अध्यक्ष ग्रँट यांच्या कारकिर्दीत हा कायदा झाला. त्याचा मतितार्थ असा, की राज्याने दिलेल्या अधिकाराचे पांघरूण घेऊन जी व्यक्ती दुसऱ्याचे संविधानातील हक्क हिरावून घेते, ती व्यक्ती त्या दुसऱ्याला भरपाई देण्यास बांधील राहते.

कायदा झाला खरा, पण जवळजवळ नव्वद वर्षे तो कपाटातच राहिला. ‘अधिकाराचे पांघरूण’ या शब्दांचा अर्थ न्यायालये संकुचित लावत असत: राज्याचा कायदाच जर अन्याय्य वर्तनाची आज्ञा देत असेल तरच हे कलम लागू पडते, आणि अधिकाऱ्याने राज्याचा कायदा मोडून अन्याय केला असेल तर ते त्याचे खासगी कृत्य ठरते. हा अर्थ १९६१ मध्ये बदलला. तीन वर्षांपूर्वी शिकागोचे तेरा पोलीस पहाटे वॉरंटविना जेम्स मन्रो यांच्या घरात घुसले होते, त्यांनी त्यांना दिवाणखान्यात नग्न उभे केले होते आणि पुढे दहा तास चौकीत बसवून ठेवले होते. सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणात ठरवले, की गणवेश आणि बिल्ला यांच्या जोरावर केलेले कृत्य राज्याच्या कायद्यानेही निषिद्ध असले, तरी ते अधिकाराच्या पांघरुणाखालचेच कृत्य होय. आज निदर्शकांच्या वतीने जे दावे दाखल होतात, ते सारे या निकालाने उघडलेल्या वाटेने जातात.

येथे एक भेद ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. मराठी वाचकाला ‘जेलभरो’ ही कल्पना परिचित आहे: सत्याग्रही जाणूनबुजून कायदा मोडतो, स्वतःला अटक करवून घेतो आणि शिक्षा भोगण्याची तयारी हेच आपले शस्त्र मानतो. गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास केलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅम शहरात हेच केले. कलम १९८३ खालील दाव्याचा स्वभाव मात्र याच्या अगदी उलट आहे. तेथे वादी म्हणतो, की त्याने कायदा मोडलाच नव्हता, किंवा त्याने तो मोडला असे मानण्यास पोलिसांकडे काही आधार नव्हता. पहिल्या प्रकारात अटक हा निषेधाचा कळस असतो, तर दुसऱ्यात अटक हीच तक्रार असते.

माणसागणिक कारण

अमेरिकी संविधानाची चौथी घटनादुरुस्ती अवाजवी अटकेपासून संरक्षण देते, तर पहिली घटनादुरुस्ती भाषणाचे आणि शांततेने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य देते. अटक वाजवी ठरण्यासाठी पोलिसाजवळ ‘पुरेसे कारण’ असावे लागते. म्हणजे गुन्हा सिद्ध करण्याइतका पुरावा नव्हे, पण समोरच्या माणसाने गुन्हा केला असावा असे शहाण्या माणसाला वाटेल इतकी ठोस माहिती. या संज्ञेतला कळीचा भाग ‘समोरच्या माणसाने’ हा आहे. १९७९ मध्ये इलिनॉयमधील एका दारूच्या गुत्त्याच्या झडतीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की संशयित जागेत हजर असणे किंवा संशयिताच्या शेजारी उभे असणे एवढ्यावरून कोणाविरुद्धही पुरेसे कारण तयार होत नाही. वरातीत दोघांनी दारू प्यायली म्हणून अख्खी वरात झिंगलेली ठरत नाही, तसाच हा न्याय आहे.

निदर्शनांत नेमका येथेच पेच पडतो. जमावात दहा जण दुकानाच्या काचा फोडतात, पन्नास जण रस्ता अडवून बसतात, तीनशे जण घोषणा देत पदपथावरून चालतात आणि पाचपन्नास माणसे केवळ कार्यालयातून घरी निघालेली असतात. पोलिसांच्या दृष्टीने हा एकच गोळा असतो आणि संविधानाच्या दृष्टीने ती चारशे निरनिराळी माणसे असतात. अर्थात याला दुसरीही बाजू आहे, आणि ती न्यायालयांनी मान्य केलेली आहे. जानेवारी २००५ मध्ये वॉशिंग्टन शहरात रात्री एक जमाव मशाली घेऊन नासधूस करीत निघाला होता. त्या प्रकरणात तेथील अपील न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले, की सारा जमाव एकजुटीने दंगल करीत आहे असे पोलिसांना वाजवीपणे वाटत असेल, तर प्रत्येकाने कोणती काच फोडली हे वेगळे दाखवण्याची गरज नाही. म्हणजे प्रश्न जमाव होता की नव्हता हा नसून तो जमाव एकजीव होता की सरमिसळ होता, हा आहे. पण त्यातही बाहेर पडू इच्छिणाऱ्याला बाहेर पडण्याची संधी मिळाली होती का, हा उपप्रश्न बहुतेक वेळा निर्णायक ठरतो.

पर्शिंग पार्कमधील सकाळ

२७ सप्टेंबर २००२ रोजी वॉशिंग्टनमध्ये जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्या बैठकांच्या निमित्ताने निदर्शने चालू होती. व्हाइट हाउसपासून जवळच असलेल्या पर्शिंग पार्क या छोट्या चौकोनी बागेत लोक जमले, काही स्वतःहून आले, तर काहींना पोलिसांच्याच रांगांनी तिकडे वळवले. मग पोलिसांनी चारही बाजूंनी बाग बंद केली. आत निदर्शक होते, पत्रकार होते, पोलिसांच्या वर्तनाची नोंद घेण्यासाठी आलेले कायदा-निरीक्षक होते आणि ज्यांचा निदर्शनांशी काही संबंध नव्हता असे वाटसरूही होते. ‘येथून निघून जा’ अशी आज्ञा देण्यात आली नव्हती, आणि जे निघून जाण्याची परवानगी मागत होते त्यांना जाऊ दिले गेले नाही. सहायक प्रमुख पीटर न्यूशॅम यांच्या आदेशाने सुमारे चारशे जणांना अटक झाली, आणि गंमत अशी, की त्यांच्यावर ठेवलेला आरोप पोलिसांची आज्ञा न पाळल्याचा होता.

अटकेतील लोकांना पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या व्यायामशाळेत नेऊन एका हाताचे मनगट विरुद्ध पायाच्या घोट्याला प्लास्टिकच्या पट्टीने बांधण्यात आले. या अवस्थेत माणसाला ना धड पाठ टेकता येत ना उभे राहता येते. तो कमरेत वाकून, गुडघा पोटाशी घेऊन बसतो. कित्येकांची सुटका दुसऱ्या दिवशी झाली.

या पद्धतीला इंग्रजीत ‘केटलिंग’ म्हणतात आणि मराठीत ‘कोंडी’ हा साधा शब्द तिला पुरतो. ती कोळ्याच्या जाळ्यासारखी चालते: जाळे कोणता मासा हवा ते विचारत नाही. पोलिसांना तिचा मोह का पडतो हेही उघड आहे, कारण पांगलेल्या जमावाचा गल्लीबोळांतून पाठलाग करण्यापेक्षा जमलेल्या जमावाला एका जागी बांधणे सोपे आणि वरकरणी सुरक्षित असते. मात्र जाळे टाकण्याची हीच सोय पुढे न्यायालयात शहराच्या गळ्याशी येते, आणि ती कशी येते हाच या विषयातला सर्वांत मनोरंजक भाग आहे.

अधिकाऱ्याची ढाल

भरपाई मागणाऱ्यापुढे दोन दारे असतात: एक अधिकाऱ्याचे आणि दुसरे शहराचे. दोन्हींना कुलपे आहेत आणि त्यांच्या किल्ल्या वेगवेगळ्या आहेत.

पहिल्या दाराच्या कुलपाला ‘मर्यादित संरक्षण’ म्हणता येईल. त्याचा उगम निदर्शकांच्या अटकेतच आहे, ही इतिहासाची एक विचित्र थट्टा म्हणावी लागेल. सप्टेंबर १९६१ मध्ये एपिस्कोपल पंथाचे पंधरा पाद्री, गोरे आणि कृष्णवर्णीय मिळून, मिसिसिपीतील जॅक्सन येथील बसस्थानकात केवळ गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या प्रतीक्षागृहात शिरले, आणि शांतताभंगाच्या कायद्याखाली त्यांना अटक झाली. पुढे त्यांच्यावरचे आरोप टिकले नाहीत, तेव्हा त्यांनी कलम १९८३ खाली दावा केला. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले, की तेव्हा वैध वाटणाऱ्या कायद्यानुसार प्रामाणिकपणे वागलेल्या पोलिसाला, तो कायदा मागाहून अवैध ठरला म्हणून, दंड भरायला लावता येणार नाही. म्हणजे ज्या कलमाने कृष्णवर्णीयांच्या हक्कांना आधार द्यायचा, त्याच्यावरची एक मोठी मर्यादा वर्णभेदाविरुद्ध उभ्या राहिलेल्या धर्मगुरूंच्या खटल्यातून आली.

१९८२ मध्ये या संरक्षणातून ‘प्रामाणिकपणा’ची कसोटी काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी नवी कसोटी आली: मोडलेला हक्क त्या वेळी ‘स्पष्टपणे प्रस्थापित’ झालेला होता का? अधिकाऱ्याच्या मनात काय होते याला आता महत्त्व उरले नाही. त्या परिस्थितीशी जुळणारा आधीचा निकाल होता की नव्हता, याला महत्त्व आले. तसा निकाल नसेल तर हक्क मोडला असला तरी अधिकारी सुटतो. २००९ नंतर न्यायालयांना अशीही मुभा मिळाली, की हक्क मोडला का या प्रश्नाला हातच न घालता ‘स्पष्टपणे प्रस्थापित नव्हता’ एवढे म्हणून प्रकरण संपवावे. परिणामी पुढच्या प्रकरणासाठीही आधीचा निकाल तयार होत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, या मराठी म्हणीचे इतके चपखल उदाहरण न्यायशास्त्रात दुसरे सापडणे कठीण आहे.

या कसोटीवर एकाच प्रकारची प्रकरणे कशी दोन बाजूंना पडतात हे पाहण्यासारखे आहे. पर्शिंग पार्कच्या प्रकरणात अपील न्यायालयाने जानेवारी २००६ मध्ये न्यूशॅम आणि पोलीसप्रमुख चार्ल्स रॅम्से यांना संरक्षण नाकारले, कारण आज्ञाच दिलेली नसताना आज्ञाभंगासाठी सरसकट अटक करता येत नाही, हे कोणत्याही अधिकाऱ्याला ठाऊक असायलाच हवे होते. शिकागोत मार्च २००३ मध्ये इराक युद्धाविरुद्धच्या मोर्चाला पोलिसांनी परवाना नसतानाही चालू दिले आणि नंतर इशारा न देता त्याची कोंडी केली; तेथेही २०११ मध्ये न्यायमूर्ती रिचर्ड पोझनर यांच्या निकालाने अधिकाऱ्यांची ढाल काढून घेतली आणि पुढच्या वर्षी शहराने ६२ लाख डॉलरवर तडजोड केली. याउलट ऑक्टोबर २०११ मध्ये ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ चळवळीचे सुमारे सातशे लोक ब्रुकलिन पुलाच्या वाहनमार्गावर पकडले गेले. पोलीस अधिकारी मोर्चाच्या पुढे चालत होते, त्यामुळे पुलावर जाण्यास त्यांची संमती आहे असे मागच्यांना वाटले. इशारा भोंग्यावरून दिला गेला होता, पण तो पुढच्या काही जणांपलीकडे कोणाला ऐकू जाण्याजोगा नव्हता. अपील न्यायालयाने २०१४ मध्ये आधी संरक्षण नाकारले, आणि काही महिन्यांनी, २०१५ मध्ये, स्वतःचेच मत फिरवून ते बहाल केले. शेकडो लोकांच्या दाव्याचे भवितव्य पोलीस पुढे चालत होते याचा अर्थ ‘चला’ असा होतो की ‘आम्ही मागे सरत आहोत’ असा होतो, यावर अवलंबून राहावे, हे या कसोटीचे बळ आणि तिचा ठिसूळपणा दोन्ही दाखवते.

आणखी एक अडसर उल्लेखनीय आहे. ‘माझ्या घोषणा आवडल्या नाहीत म्हणून मला पकडले’ अशी तक्रार असेल, तर २०१९ च्या एका निकालानुसार पुरेसे कारण अस्तित्वात असल्यास ती तक्रार सहसा टिकत नाही. अपवाद एवढाच, की तशाच वागणाऱ्या इतरांना पोलीस पकडत नाहीत हे दाखवता आले पाहिजे. न्यायालयाने दिलेले उदाहरण बोलके आहे: ज्या चौकात सगळेच सिग्नल न पाळता रस्ता ओलांडतात आणि कोणालाच पकडले जात नाही, तेथे पोलिसांवर टीका करणाऱ्या एकट्यालाच त्यासाठी पकडले, तर दावा चालू शकतो.

एस.टी.ची धडक आणि शहराचे धोरण

दुसरे दार शहराचे. सामान्य कायद्यात नोकराच्या चुकीसाठी मालक जबाबदार धरला जातो; एस.टी.च्या चालकाने कर्तव्यावर असताना कोणाला धडक दिली तर भरपाई महामंडळाकडून मागता येते. कलम १९८३ ला मात्र हा नियम लागू नाही. १९६१ च्या मन्रो निकालात तर शहरांना पूर्णपणे वगळण्यात आले होते. १९७८ मध्ये, गर्भवती कर्मचारी स्त्रियांना सक्तीने बिनपगारी रजेवर पाठवण्याच्या न्यूयॉर्कमधील धोरणाविरुद्धच्या मोनेल खटल्यात, न्यायालयाने आपला निर्णय अर्धा मागे घेतला: शहरावर दावा करता येईल, पण हक्कभंग शहराच्या अधिकृत धोरणातून किंवा पक्क्या रूढीतून घडलेला असेल तरच. एखाद्या शिपायाने रागाच्या भरात लाठी मारली, तर ते शहराचे धोरण नव्हे. पुढे १९८६ मध्ये एक महत्त्वाची भर पडली, की त्या विषयात अंतिम निर्णयाचा अधिकार असलेल्या माणसाने एकदाच घेतलेला निर्णयही धोरण ठरू शकतो.

जाळ्याचे ओझे येथे शहराच्या खांद्यावर येते. एकट्यादुकट्या माणसाला झालेल्या मारहाणीत शहर सहज म्हणू शकते, की तो एका पोलिसाचा दोष होता. पण चार रस्ते बंद करणे, शेकडो हातकड्या आणि बसगाड्या आधी मागवणे, धक्क्यावर तात्पुरता तुरुंग उभारणे, ही कामे कोणताही शिपाई आपल्या मर्जीने करू शकत नाही. २००४ च्या अधिवेशनापूर्वी न्यूयॉर्क पोलिसांनी ठरवूनच ठेवले होते, की एरवी जागेवरच समन्सची चिठ्ठी देऊन सोडून दिले जाते अशा किरकोळ आरोपांसाठीही निदर्शकांना कोठडीत नेऊन बोटांचे ठसे घ्यायचे. अटक जितकी मोठी, तितका तिचा आदेश वरून आलेला असतो, आणि आदेश जितका वरून आलेला, तितके त्याला धोरण म्हणणे सोपे जाते. लाठीच्या एका फटक्यापेक्षा हजार माणसांची शिस्तशीर अटक न्यायालयात अधिक सहज पकडता येते, ती याच कारणाने.

> चौकट : काही संज्ञा
> पुरेसे कारण – विशिष्ट माणसाने गुन्हा केला असावा असे मानण्यास लागणारी ठोस माहिती.
> मर्यादित संरक्षण – हक्क आधीच्या निकालांनी स्पष्ट झालेला नसेल तर अधिकाऱ्याला वैयक्तिक भरपाईतून मिळणारी सूट. शहराला ती मिळत नाही.
> समूह-दावा – एकाच तक्रारीच्या अनेकांच्या वतीने काही जणांनी चालवलेला दावा. त्याचा निकाल किंवा तडजोड सर्वांना लागू होते.
> संघराज्याच्या अधिकाऱ्यांना, उदाहरणार्थ एफबीआयच्या कर्मचाऱ्यांना, कलम १९८३ लागू नाही. त्यांच्याविरुद्ध १९७१ च्या बिव्हन्स निकालाने उघडलेली वेगळी वाट होती; २०२२ पर्यंत सर्वोच्च न्यायालयाने ती जवळजवळ बंद केली आहे.

न भरलेला फॉर्म

कोर्टात प्रत्येक अटकेला एक साक्षीदार लागतो: कोणत्या पोलिसाने, कोठे, कोणाला, काय करताना पाहून पकडले. मे १९७१ मध्ये व्हिएतनाम युद्धाच्या विरोधकांनी वॉशिंग्टनची वाहतूक बंद पाडण्याचे ठरवले, तेव्हा पोलीसप्रमुख जेरी विल्सन यांनी घाईपोटी अटकेच्या जागीच भरायचा फॉर्म वापरणे स्थगित केले. ३ मे या एका दिवसात सुमारे सात हजार लोक पकडले गेले. त्यांच्यापैकी अनेकांना फुटबॉलच्या सरावाच्या मैदानावर कुंपणात ठेवावे लागले. दुसऱ्या दिवशी कोणी कोणाला का पकडले हे सांगणारा कागद नव्हता, आणि खटले कोसळले. दोन दिवसांनी काँग्रेसच्या इमारतीच्या पायऱ्यांवर, प्रतिनिधी रोनाल्ड डेलम्स भाषण करीत असताना, आणखी सुमारे बाराशे जणांना अटक झाली. त्यांच्या समूह-दाव्यात १९७५ मध्ये ज्युरीने १ कोटी २० लाख डॉलर मंजूर केले, जरी अपिलात ही रक्कम पुष्कळ घटली.

न्यूयॉर्कच्या फुल्टन स्ट्रीटवर हाच दोष वेगळ्या रूपात आढळतो. ३१ ऑगस्ट २००४ रोजी तेथे पदपथावरून निघालेल्या युद्धविरोधी मोर्चातील २२७ जणांना पोलिसांनी अडवून पकडले. शहराचे म्हणणे होते, की समूहाने कायदा मोडला, म्हणून समूहातील प्रत्येकाविरुद्ध कारण तयार झाले. न्यायमूर्ती रिचर्ड सलिव्हन यांनी २०१२ मध्ये हा ‘समूह-कारणा’चा युक्तिवाद फेटाळला: समूहात असणे हा पुरावा असू शकतो, पण पकडणाऱ्याला प्रत्येक माणसाने स्वतः कायदा मोडल्याची खात्री वाटली पाहिजे. हा निकाल लागल्यानंतर शहराकडे तडजोडीखेरीज फारसा पर्याय उरला नाही.

कागद नसणे जसे शहराला महागात पडते, तसेच असलेले कागद नाहीसे होणेही. दाव्यात दोन्ही पक्षांना आपल्याजवळची कागदपत्रे, ध्वनिमुद्रणे आणि अंतर्गत पत्रव्यवहार परस्परांना दाखवावा लागतो. पर्शिंग पार्क दाव्यात या टप्प्यावर असे आढळले, की नियंत्रण कक्षात त्या दिवशी मिनिटामिनिटाला केलेल्या नोंदींची मूळ प्रत सापडत नाही आणि बिनतारी संभाषणांच्या ध्वनिमुद्रणात खंड आहेत. न्यायाधीश एमेट सलिव्हन यांनी त्यावर शहराच्या वकिलांना खडे बोल सुनावले. दाव्याची रक्कम वाढवण्यात अशा गहाळ कागदाचा वाटा कधीकधी मूळ अटकेइतकाच असतो.

सर्वांचा मिळून एक दावा, आणि त्याचे बिल

कोठडीत काढलेल्या एका रात्रीची भरपाई कितीही न्याय्य असली तरी ती दहा-वीस हजार डॉलरच्या पुढे क्वचित जाते. तेवढ्यासाठी आठ-दहा वर्षे चालणारा दावा एकटा माणूस उभा करू शकत नाही. म्हणून समूह-दावा. सोसायटीच्या गळक्या टाकीसाठी प्रत्येक सदनिकाधारक स्वतंत्र प्लंबर बोलावत नाही, सर्वांनी मिळून एकच बोलावतात, तसे हे आहे. पण न्यायालय समूह मान्य करते ते सर्वांची तक्रार मुळात एक असेल तरच, आणि कोंडीत सापडलेल्यांच्या बाबतीत जागा, वेळ, आदेश आणि आरोप ही सारीच एक असल्यामुळे ही अट आपोआप पुरी होते.

वकिलांचे काय? १९७६ च्या कायद्याने असे ठरवले, की नागरी हक्काच्या दाव्यात जिंकणाऱ्या पक्षाची वकिलांची फी हरणाऱ्याने द्यावी, असा आदेश न्यायालय देऊ शकते. न्यूयॉर्कच्या २०१४ च्या तडजोडीत १ कोटी ३ लाख डॉलर अटक झालेल्यांना आणि ७६ लाख डॉलर वकिलांना मिळाले. हे प्रमाण पाहून भुवया उंचावतात खऱ्या, परंतु फीची तरतूद नसती तर हा दावा दाखलच झाला नसता, आणि शहर जितकी वर्षे लढते तितके हे बिल फुगत जाते. पर्शिंग पार्कच्या मुख्य समूह-दाव्यात तडजोडीची रक्कम ८२ लाख ५० हजार डॉलर होती, म्हणजे प्रत्येक माणसाला सुमारे सोळा हजार डॉलरपर्यंत.

पैसे पोलिसाच्या खिशातून का येत नाहीत, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. बहुतेक शहरे अधिकाऱ्यांच्या वतीने भरपाई देण्याची हमी घेतात. कायद्याच्या प्राध्यापक जोॲना श्वार्ट्झ यांनी २००६ ते २०११ या काळातील ८१ पोलीस दलांची माहिती तपासली, तेव्हा वादींना मिळालेल्या रकमेपैकी ९९.९८ टक्के भाग सरकारी तिजोरीतून आल्याचे दिसले. त्यातही न्यूयॉर्कसारख्या शहरात ही रक्कम पोलीस खात्याच्या नव्हे, तर शहराच्या सर्वसाधारण अर्थसंकल्पातून जाते. म्हणजे ज्याच्या हातून चूक झाली त्याला झळ नाही, आणि ज्या खात्याच्या हातून झाली त्यालाही फारशी नाही. झळ करदात्याला, आणि त्यांच्यात कोठडीत बसलेला निदर्शकही आलाच.

कागदावरच्या अटी

म्हणूनच अनुभवी वकील अलीकडे रकमेबरोबर अटींसाठी झगडू लागले आहेत. पर्शिंग पार्कनंतर वॉशिंग्टनच्या नगर परिषदेने स्वतः चौकशी केली आणि २००४ मध्ये निदर्शनांविषयीचा स्वतंत्र कायदा केला: कोंडी करण्यावर निर्बंध घातले आणि पांगण्याची आज्ञा लोकांना ऐकू जाईल अशा रीतीने, जाण्यासाठी वेळ व वाट देऊन द्यावी असे सांगितले. १९७१ पासून चाललेल्या वादाचे सार एवढ्या साध्या वाक्यात मावते, आणि तरीही ते लिहून ठेवावे लागले.

न्यूयॉर्कला हा धडा पुन्हा शिकावा लागला. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतरच्या निदर्शनांत, ४ जून २०२० रोजी ब्राँक्समधील मॉट हेवन भागात रात्री आठची संचारबंदी सुरू होण्याच्या काही मिनिटे आधी पोलिसांनी मोर्चाची कोंडी केली, आणि आठ वाजताच आत अडकलेले सर्वजण संचारबंदी मोडणारे ठरले. दार बाहेरून कडी लावून बंद करायचे आणि मग आतला माणूस घरी का गेला नाही म्हणून त्याला दोषी धरायचे, असा हा प्रकार होता. २०२३ मध्ये त्या रात्री पकडलेल्यांना प्रत्येकी २१,५०० डॉलर देण्याचे ठरले. त्याच वर्षी त्या उन्हाळ्यातील इतर निदर्शनांतल्या सुमारे तेराशे जणांसाठी १ कोटी ३७ लाख डॉलरची वेगळी तडजोड झाली, ज्यात बहुतेकांच्या वाट्याला प्रत्येकी ९,९५० डॉलर आले.

तिसरा करार सप्टेंबर २०२३ चा. राज्याच्या ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स आणि नागरी हक्कांच्या संघटना यांनी केलेल्या दाव्यांतून तो निघाला आणि त्याचा गाभा पैसा नसून कार्यपद्धती हा होता. त्यानुसार निदर्शनाला पोलिसांनी चार पायऱ्यांनी प्रतिसाद द्यायचा: शांत मोर्चा असेल तर कमीत कमी पोलीस, आणि जमाव रस्ता अडवू लागला किंवा गुन्हे घडू लागले तरच क्रमाक्रमाने वरची पायरी. जमावाची कोंडी करण्यास मनाई करण्यात आली.

कराराचा अंमल पाहण्यासाठी नेमलेल्या समितीत दावा लढवणाऱ्या पक्षांनाही बसवण्यात आले. पुढे कोणत्या दिवशी कोणती पायरी वापरली गेली आणि ती कोणाच्या आदेशाने, याची नोंद आता पोलिसांनाच ठेवावी लागते.